चालक क्रमांक एक

नवी गाडी विकली त्या दिवशी मी गल्लीत कंदी पेढे वाटले. लोक गाडी घेतल्यावर पेढे वाटतात, मी विकल्यावर वाटले. शेजारच्या देशमाने वहिनींनी विचारलं तेव्हा छाती पुढे काढून सांगितलंसुद्धा, "वेडा ठरवायला निघाली होती मला. दिली घालवून." वहिनी हसल्या. माझी बायको शैला मागे पेढ्यांचं खोकं धरून उभी होती, तीही हसली. ते हसू त्या दिवशी मी नीट पाहिलं नाही.

माझं नाव रवींद्र शिंगटे. वजनमापे निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षं नोकरी केली आणि साताऱ्यात निवृत्त झालो. दुकानात जाऊन काटा तपासायचा, वजनांवरचा शिक्का बघायचा, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप लावायचं, असं सगळं सरळ काम. व्यापारी गोड बोलून चहा मागवायचे, मी चहाला हात लावत नसे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वरच्या साहेबांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. काट्यावर संशय घ्यायचा, आणि पारड्यात जे ठेवलंय त्यावरही घ्यायचा. पहिली गोष्ट माझ्या हाडीमासी भिनली. दुसरी ऐन वेळी विसरलो, आणि ही सगळी हकिगत त्या विसरण्याचीच आहे.

शैलाची घरामागे रोपवाटिका होती. मोगरा, अनंत, कढीपत्ता, हळदीकुंकू, कलमी आंबे, आणि मला अजूनही ओळखता न येणारी पन्नासेक झाडं. कोरेगावजवळ नवा रोपबाजार भरायला लागला होता, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. ती सकाळी मागच्या सीटवर पिशव्या रचून निघायची आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन परत यायची. बाकीचे पाच दिवस गाडी माझ्याकडे असायची.

ती गाडी आमच्या लेकीच्या, केतकीच्या आग्रहाने घेतलेली. केतकी पुण्याला असते. "बाबा, आता वयं झाली तुमची. काळजी घेणारी गाडी हवी," म्हणाली. गाडी काळजी घ्यायची हे खरं. समोर कुत्रं आलं तर स्वतः थांबायची, डुलकी लागली तर सीट हलवायची, वळणाआधी दोनदा रस्ता सांगायची. सासूबाई कुठल्या कुठे, इतकी बोलायची. पण तिचं खरं काम न बोलता चालायचं.

ते काम काय, हे मला नंतर नीट कळलं, पण आत्ताच सांगून टाकतो. सरळ रस्त्यावरही आपण स्टिअरिंगचं चाक स्थिर धरत नाही. गाडी थोडी डावीकडे जाते, आपण नकळत उजवीकडे ओढतो, पुन्हा थोडं डावीकडे. दर सेकंदाला अशी एकदोन बारीक ओढाताण हात करत असतात. प्रत्येक माणसाची ही ओढाताण वेगळी असते, अक्षर वेगळं असतं तशी. गाडीचं यंत्र ती टिपून ठेवायचं. काही लाख चालकांची अशी नोंद दहा वर्षं जमवल्यावर संशोधकांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्यांना पुढे विस्मृतीचा आजार झाला, त्यांचे हात चार-पाच वर्षं आधीपासूनच बदलले होते. मेंदूत दिशा आणि जागा ओळखणारा जो भाग आहे तो सगळ्यांत आधी खचतो. तेव्हा माणूस घरात अगदी शहाण्यासारखा वागत असतो, नावं आठवतात, हिशेब जमतात. पण चाकावरची दुरुस्ती कणभर उशिरा येते आणि गरजेपेक्षा मोठी येते, आणि ओळखीच्या चौकातही ब्रेकवरचा पाय उगाच घुटमळतो.

हे कळून उपयोग काय, तर औषध निघालं होतं. मेंदूत साचणारा चिकट गाळ ते धुऊन काढायचं. मेलेल्या पेशी मात्र त्याने परत येत नाहीत, म्हणून अगदी सुरुवातीला घेतलं तरच त्याचा उपयोग. त्यामुळे सरकारने नियम केला की गाडीला अशी शंका आली तर तिने चालकाला आणि त्याने नेमलेल्या एका नातेवाइकाला कळवायचं. साठ दिवसांत डॉक्टरांचा दाखला दिला नाही, तर गाडी तीसच्या वर पळणार नाही आणि घरापासून दहा किलोमीटरच्या पुढे जाणार नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी माझ्या फोनवर सूचना आली. नोंदणीकृत चालक क्रमांक एक, म्हणजे मी, याच्या हातांत लक्षणीय बदल आढळला आहे. सोबत तीन पानांचा अहवाल होता. पहिलं पान वाचूनच माझं डोकं फिरलं.

दहा मिनिटांत केतकीचा फोन. तिलाही सूचना गेली होती. आवाज रडवेला होता. "बाबा, लगेच डॉक्टरांकडे जा. आजच जा."

"अगं, कालच शब्दकोडं पुरं सोडवलंय मी. तेहतीस वर्षं यंत्रं तपासली. यंत्र खोटं बोलतं हे मला तू शिकवणार?"

"तुम्ही कधीच कुणाचं ऐकत नाही."

"तुझं ऐकूनच तर ही बया घरात आणली."

तिने फोन ठेवला. शैला ओट्यापाशी उभी होती. तिने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती गॅस बंद करून बराच वेळ नुसती उभी राहिली. नवऱ्याच्या काळजीने गप्प झाली, असं मी धरून चाललो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शैला त्या गाडीत चालक म्हणून नोंदलेलीच नव्हती. तिच्याकडे परवाना होता, माझ्याआधी काढलेला. पण नवा चालक नोंदवला की गाडी तीन महिने त्याचा हात शिकायची आणि शिकेपर्यंत चाळीसच्या वर पळायची नाही. शैलाला आठच्या आत बाजारात जागा धरायची असे. चेहरे बघणारे कॅमेरे कोर्टाने गाड्यांतून काढायला लावले होते, त्यामुळे गाडी फक्त खिशातल्या कार्डावरून माणूस ओळखायची. मग मीच तिला म्हटलं होतं, "घे माझं कार्ड. गाडीला काय कळतंय!" आमच्या गल्लीत सगळेच असं करायचे. बापाच्या कार्डावर पोरगा, नवऱ्याच्या कार्डावर बायको. पहिल्या दिवसापासून दोघांचे हात एकाच कार्डावर पडल्यामुळे गाडीने आम्हा दोघांना मिळून एकच माणूस मानलं होतं, कधी हलक्या हाताचा, कधी जड हाताचा. हे सगळं मला माहीत होतं. सूचना आली तेव्हाही माहीत होतं, पण त्या सूचनेशी याचा काही संबंध असेल असं मनातसुद्धा आलं नाही. वेडा ठरवलं जाण्याच्या रागात दुसरं काही सुचलंच नाही मला.

डॉक्टर बर्गे शांत माणूस. त्यांनी दोन तास माझ्या तपासण्या घेतल्या. घड्याळ काढायला लावलं, शब्द पाठ करायला लावले, रक्त घेतलं. चार दिवसांनी बोलावून सांगितलं की सगळं स्वच्छ आहे.

"मग यंत्र खोटं!" मी म्हणालो.

"तसं एकदम म्हणता येत नाही," ते म्हणाले. "अहवालात काही दिवस चांगले दिसतात, काही वाईट. सुरुवातीला असंच असतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." मग फॉर्म पुढे ओढून त्यांनी विचारलं, "गाडी तुम्हीच चालवता ना? की घरात आणखी कुणी चालवतं?"

तो फॉर्म परिवहन कार्यालयात जाणार होता. आपल्या कार्डावर दुसऱ्याला गाडी देणं हा गुन्हा, सहा महिने परवाना बंद. ज्याने आयुष्यभर लोकांना खोट्या मापासाठी खटल्यात उभं केलं, तो मी एका क्षणात खोटं बोललो.

"मीच," मी म्हणालो. "दुसरं कोण चालवणार?"

शैला शेजारच्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, खोटं बोलल्याबद्दल नापसंती असेल. मी तिचा हात दाबला, गप्प राहा म्हणून, आणि ती गप्प राहिली.

परत येताना तीच म्हणाली, "अहो, ही गाडी काढून टाकू या. पूर्वी होती तशी साधी घेऊ. न बोलणारी."

बायको आपल्या बाजूने उभी राहिली म्हणून मला भरून आलं. केतकीने फोनवर खूप समजावलं. "बाबा, सहा महिने तरी ठेवा," म्हणाली. पण मी कशाला ऐकतोय!

गोडोलीच्या मच्छिंद्र गॅरेजवाल्याकडे एक जुनी गाडी पडून होती. सत्तावीस वर्षांची, पांढरी, काचा हाताने फिरवून खाली करायच्या, गिअर हाताने टाकायचे. नव्या गाडीच्या किमतीचा चौथा हिस्साही पडला नसता इतकी स्वस्त. पेट्रोल आता गावात दोनच पंपांवर मिळायचं, पण तेवढं चालून जाणार होतं.

"सायेब, हिला काय बी कळत न्हाय," मच्छिंद्र बॉनेटवर थाप मारत म्हणाला. "किल्ली फिरवली की चालू, काढली की बंद. कुनाची चुगली करायची न्हाय."

"मला तशीच पाहिजे."

शैला चाकामागे बसली. तिने क्लच दाबला, गिअर टाकला, आणि गॅरेजच्या अंगणात एक झकास फेरी मारली. अशाच गाडीवर ती लग्नाआधी शिकली होती. हात सगळं विसरले नव्हते. खाली उतरली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "जमतंय की मला," ती म्हणाली. मी म्हटलं, "न जमायला काय झालंय?"

पुढचं वर्ष आमचं फार सुखात गेलं, हे सांगताना आज जीव कासावीस होतो. काचा खाली करून आम्ही कासला गेलो, ठोसेघरला गेलो. वाऱ्याने तिचे केस विस्कटायचे आणि ती ते सावरायची नाही. मंगळवारी-शुक्रवारी ती बाजाराला जायची. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं होतं, ते मी टाळलं. वर्ष संपता संपता मला माझी फजिती करायला आलेल्या यंत्रावर आपण कशी मात केली, हे कट्ट्यावर रंगवून सांगायची सवय लागली होती.

एक गोष्ट त्या वर्षात दिसली होती. शैला कुंड्यांना चिठ्ठ्या लावायला लागली. मोगरा, अनंत, तगर, प्रत्येकावर नाव. पूर्वी डोळे मिटून नुसत्या पानाला हात लावून सांगायची. मी म्हटलं, "वा! आता धंद्याला शिस्त आली." ती म्हणाली, "गिऱ्हाइकांना सोपं जातं." पुढे पुढे चिठ्ठीवर नुसतं नावच नसे, पाणी कधी घालायचं तेही असे. मी कौतुक करत राहिलो.

गाडी बदलल्याला सोळा महिने झाले होते. एका शुक्रवारी शैला एक वाजेपर्यंत आली नाही. दोनला मी फोन केला, तो घरातच वाजला, पाण्याच्या पिंपावर ठेवलेला. मी स्कूटर काढून निघालो. रोपबाजारात लोक आवराआवर करत होते. "काकू आज आल्याच नाहीत," तिच्या शेजारी बसणारा माळी म्हणाला.

नवी गाडी असती तर केतकीने पुण्यात बसून एका मिनिटात सांगितलं असतं, आई अमुक ठिकाणी आहे. ही गाडी कुणाची चुगली करणारी नव्हती. कोरेगावच्या वाटेवरचा माहुलीचा पूल मी तीनदा ओलांडला. चहाच्या टपऱ्यांवर, पंपावर, फाट्यावर विचारत फिरलो, "पांढरी जुनी गाडी, मागे झाडं." कुणी डावीकडे दाखवायचं, कुणी उजवीकडे. तोंडात घोटभर पाणी घ्यायचं भान राहिलं नव्हतं.

साडेचारला सापडली. कोरेगावच्या अलीकडे एक मोकळं मैदान होतं, वीस वर्षांपूर्वी तिथे झाडांचा बाजार भरायचा. केतकी लहान असताना शैला तिथे बसायची. आता तिथे वीजमंडळाचं उपकेंद्र आहे, तारांचं कुंपण आहे. त्या कुंपणाबाहेर गाडी व्यवस्थित लावलेली होती. हँडब्रेक ओढलेला. रस्त्याच्या कडेला शैलाने सगळ्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या, चिठ्ठ्या गिऱ्हाइकाकडे करून, आणि स्वतः पोतं टाकून उन्हात बसली होती. तोंड लाल झालं होतं, ओठ सुकले होते.

मला बघून ती म्हणाली, "आलात? आज एकसुद्धा गिऱ्हाईक फिरकलं नाही बघा." मग इकडेतिकडे पाहून विचारलं, "केतकीला कुणाकडे ठेवून आलात?"

मी तिच्याजवळ त्या पोत्यावर बसलो.

डॉक्टर बर्ग्यांनी याही वेळी दोन तास घेतले. यावेळी खुर्च्यांची अदलाबदल झाली होती. तपासण्या आल्यावर त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. औषधाची वेळ निघून गेली होती. "दीड वर्षापूर्वी आल्या असत्या तर," एवढं बोलून ते थांबले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी संगणकावर माझी जुनी नोंद उघडली, गाडीचा तोच अहवाल. तिसऱ्या पानावर दिवसवार आलेख होता. दुकानदाराकडून वर्षभराच्या पावत्या मागून शेवटचं पान आधी बघणारा मी, ते पान कधी उलटलंच नव्हतं. निळ्या रेघेवर जिथे जिथे लाल खूण होती, तिथे खाली वार लिहिलेला होता. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार. मधल्या सगळ्या दिवसांत एकही खूण नव्हती.

"शिंगटे," डॉक्टर सावकाश म्हणाले, "या दोन दिवशी गाडी कोण चालवायचं?"

काटा खरा होता. पारड्यात कोण आहे हे सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी खोटं सांगितलं होतं.

केतकीला मी त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं. कार्ड, फॉर्म, मी दिलेलं उत्तर. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाबा, आई तुमच्या कार्डावर जाते हे मलाही माहीत होतं. बाजारातून मला फोन करायची ना. तरी मी तुमच्याच मागे लागले." आणि रडायला लागली.

शैलाचे काही दिवस अजून स्वच्छ उजाडतात. अशाच एका सकाळी ती कुंड्यांना पाणी घालत होती आणि एकाएकी म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं हो."

"काय?"

"माहुलीचा पूल उतरला की सरळ जायचं की वळायचं, ते आठवायला दोनदा थांबायला लागलं होतं. ती गाडी सांगायची म्हणून जात होते. मग तिने तुमच्या फोनवर कळवलं, आणि मला वाटलं, आता संपलं. डॉक्टरांनी विचारलं ना, आणखी कुणी चालवतं का, तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं."

"मग का नाही बोललीस, शैला?"

तिने पाण्याचा पाइप खाली ठेवला. "तुम्ही 'मीच' म्हणालात. आणि मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, हे म्हणतायत ना, मग मला काही झालेलं नाही." ती ओशाळून हसली. पेढे वाटताना हसली होती तशीच. या वेळी मी नीट पाहिलं.

याला आता दोन वर्षं झाली. चिठ्ठ्या अजून कुंड्यांवर आहेत, आता त्या मी लिहितो. केतकी महिन्यातून दोनदा येते, तिला शैला कधी ओळखते, कधी देशमाने वहिनींची सून समजते. जुनी गाडी मी विकली नाही. मच्छिंद्र म्हणतो, सायेब, आता भंगारात द्या, पार्ट मिळत न्हाईत. पण मंगळवार-शुक्रवार सकाळी शैला साडी नेसून दारात येऊन उभी राहते. दिवस तिला कसे कळतात देव जाणे. मग मी मागच्या सीटवर चार पिशव्या ठेवतो, तिला डाव्या बाजूला बसवतो आणि माहुलीच्या पुलापर्यंत फेरी मारून आणतो. काच मात्र ती स्वतः फिरवून खाली करते, ते तिला कुणी सांगावं लागत नाही.

पुलावर आलं की हल्ली ती घाबरते. नदीकडे बघते, रस्त्याकडे बघते, आणि माझी बाही धरून विचारते, "अहो, ही गाडी कोण चालवतंय?"

"मीच," मी सांगतो.

"बरं," ती म्हणते, आणि बाही सोडून निवांत बाहेर बघत बसते.